ग्राफिक डिझाइनसाठी मॉनिटर कसा निवडायचा : पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी

डिझाइनची कामं वाढू लागली, लॅपटॉपची पंधरा इंची स्क्रीन अपुरी पडायला लागली, की मॉनिटर घ्यायचं मनात येतं आणि तिथून गोंधळ सुरू होतो. दुकानात गेलं की ‘१८० हर्ट्झ’ ऐकू येतं. ऑनलाइन बघावं तर ‘एक अब्ज रंग’, ‘एचडीआर’, ‘१२५ टक्के एसआरजीबी’ असे आकडे अंगावर येतात. मी बरीच वर्षं छपाईची कामं करतो आहे, लग्नपत्रिका, मुखपृष्ठं, दिवाळी अंक, कॅटलॉग असं सगळं, आणि आता स्क्रीनवरचीही. या धंद्यात नव्याने येणारी मुलंमुली मॉनिटर घेण्याआधी जे विचारतात, त्याची उत्तरं इथे क्रमाने लिहितो.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. डिझायनरला मॉनिटर लागतो तो रंगाचा निर्णय घ्यायला. समोर जे दिसतं त्यावर भरवसा ठेवून आपण फाइल प्रेसला सोडतो, आणि प्लेट निघाल्यावर माघार घ्यायची तर पैसे मोजावे लागतात. म्हणून चित्र किती झगझगीत दिसतं हे बघू नका. दिसतंय ते खरं आहे का, एवढं बघा.

१. तुमचं काम शेवटी कुठे दिसणार, ते लिहून काढा

एक कागद घ्या. अलीकडे केलेली कामं एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकापुढे ते शेवटी कशावर दिसलं ते मांडा : मोबाइल, वेबसाइट, ऑफसेट, डिजिटल प्रिंट, फ्लेक्स, कापड. हा कागद दुकानदाराच्या बोलण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

बहुतेक कामं सोशल मीडिया, वेबसाइट किंवा ॲपची असतील, तर एसआरजीबी रंगव्याप्ती (स्क्रीनने दाखवायच्या रंगांचा ठरलेला पट्टा) पूर्ण दाखवणारा मॉनिटर पुरेसा आहे. एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये मांडलेलं हे मानक आजही वेबचा पाया आहे. तुमची पोस्ट बघणाऱ्यांमध्ये साध्या फोनवाले पुष्कळ असतात, त्यांच्यापर्यंत पोचणारा रंग हाच.

व्हिडिओ आणि मोशन ग्राफिक्स जास्त असेल, किंवा ॲपलच्या उपकरणांसाठी काम करत असाल, तर पी३ रंगव्याप्ती बघा. अलीकडच्या आयफोन आणि मॅकच्या स्क्रीन त्याच पट्ट्यातल्या आहेत.

छपाईचं थोडं वेगळं आहे. आर्ट पेपरवरच्या चार रंगी ऑफसेटमधले बहुतेक रंग एसआरजीबीमध्ये बसतात, पण सगळे नाही. शंभर टक्के सायन (छपाईच्या चार शाईंतली निळी) आणि त्याच्या आसपासचे निळसर-हिरवे रंग एसआरजीबीच्या बाहेर जातात. म्हणजे शुद्ध सायनचा पट्टा कागदावर जितका तेजस्वी येतो, तितका साध्या मॉनिटरवर दिसूच शकत नाही. ॲडोबी आरजीबी ही १९९८ ची व्याप्ती नेमकी या भागात मोठी आहे. पॅकेजिंग, फोटोबुक, कलाकृतींचे कॅटलॉग हेच ज्यांचं पोट आहे, त्यांनी ॲडोबी आरजीबी ९९ टक्के दाखवणाऱ्या मॉनिटरचा विचार करावा. पत्रिका, पुस्तकं आणि माहितीपत्रकं करणाऱ्याला पहिल्या मॉनिटरसाठी त्याची गरज नाही. उरलेले पैसे कॅलिब्रेटरला, म्हणजे स्क्रीनचे रंग मोजून जुळवणाऱ्या यंत्राला ठेवा. त्याबद्दल पुढे सविस्तर येईलच.

फ्लेक्ससाठी मात्र वेगळा खर्च करू नका. तिथे मशीनगणिक रंग बदलतो, मॉनिटर कितीही भारी असला तरी.

२. पॅनेल आयपीएसच घ्या

पॅनेल म्हणजे मॉनिटरचा चित्र दाखवणारा पडदा. त्याचे प्रकार चार सापडतील. टीएन सर्वांत स्वस्त. डोकं जरा खाली-वर केलं की रंग बदलतो, त्यामुळे तो आपल्या कामातून बाद. व्हीए पॅनेलचा काळा रंग गडद असतो, कॉन्ट्रास्ट (सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद भागांतलं प्रमाण) ३०००:१ च्या घरात जातो आणि सिनेमा छान दिसतो. पण बाजूने बघितल्यावर छटा फिकट पडतात, आणि मोठ्या स्क्रीनच्या कडा आपल्याला बाजूनेच दिसत असतात. एकच सपाट रंग मध्यभागी वेगळा आणि कोपऱ्यात वेगळा दिसायला लागला तर निर्णय कशाच्या जोरावर घ्यायचा?

आयपीएसमध्ये कॉन्ट्रास्ट साधारण १०००:१ असतो, काळा रंग किंचित राखाडी वाटतो, पण बसल्या जागेवरून सगळीकडे रंग सारखा राहतो आणि क्लायंट शेजारी येऊन बसला तरी त्याला तोच रंग दिसतो. २०२२ पासून ‘आयपीएस ब्लॅक’ नावाची पॅनेल आली आहेत, त्यांचा कॉन्ट्रास्ट २०००:१ किंवा त्याहून जास्त आहे. बजेट असेल तर चांगलीच.

ओएलईडी दिसायला देखणं असतं. पण आपल्या कामात टूलबार, प्रोग्राममधल्या पट्ट्या, टास्कबार दिवसभर एकाच जागी उभे असतात आणि त्यांचे डाग स्क्रीनवर कायमचे उमटण्याचा धोका राहतो. शिवाय बऱ्याच ओएलईडी मॉनिटरवर बारीक अक्षरांच्या कडांना रंगीत झालर दिसते. पानं मांडणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे.

वक्राकार स्क्रीनही टाळा. सरळ रेषा सरळ आहे की नाही याची शंका घेत काम करणं त्रासाचं असतं.

३. खोक्यावरचे रंगांचे आकडे वाचायला शिका

फसगत सर्वांत जास्त इथे होते, म्हणून जरा थांबून वाचा.

पहिला सापळा एनटीएससीच्या टक्क्यांचा. एनटीएससी हे १९५३ चं रंगीत टीव्हीचं मानक. त्याच्या ७२ टक्के व्याप्ती म्हणजे क्षेत्रफळाने साधारण एक एसआरजीबी. त्यामुळे ‘७२ टक्के एनटीएससी’ वाचून नाक मुरडू नका, तो बरा मॉनिटर असू शकतो. पण ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलं असेल तर तो एसआरजीबीच्या साठ-बासष्ट टक्क्यांवरच थांबतो. स्वस्त लॅपटॉपच्या स्क्रीन बहुतेक या गटातल्या. तिथे कुंकवाचा लाल विटकरी दिसतो, आपण तो वाढवत नेतो आणि मग छापून आल्यावर तो डोळ्यांत खुपतो.

दुसरा सापळा ‘१२५ टक्के एसआरजीबी’चा. हा आकडा बहुधा रंगांच्या एकूण पसाऱ्याचा असतो. पसारा मोठा असूनही एसआरजीबीचा एखादा कोपरा सुटलेला असू शकतो. ‘कव्हरेज’ किंवा व्याप्ती म्हणून दिलेला आकडा शोधा, तो शंभराच्या वर जाऊच शकत नाही. ९९ किंवा १०० टक्के एसआरजीबी कव्हरेज हवं.

तिसरा सापळा उलट्या बाजूचा आहे. मोठ्या व्याप्तीचा मॉनिटर घेतला आणि वापरत असलेल्या प्रोग्रामला रंग-व्यवस्थापन (मॉनिटरच्या व्याप्तीप्रमाणे रंग जुळवून दाखवणं) कळत नसेल, तर सगळं भडक दिसतं. टोमॅटो पेटल्यासारखा, माणसांचे गाल लालबुंद. अशा मॉनिटरला चांगला एसआरजीबी मोड असणं आवश्यक आहे, आणि त्या मोडमध्ये ब्राइटनेस कमी-जास्त करता येतो का तेही बघा. काही मॉनिटर एसआरजीबी मोडमध्ये ब्राइटनेस अडकवून ठेवतात, मग तो मोड असून नसल्यासारखा.

पुढे ‘डेल्टा ई’. दाखवायचा रंग आणि प्रत्यक्ष दिसलेला रंग यांतला फरक मोजण्याचं हे माप. १ च्या आसपासचा फरक नजरेला जेमतेम कळतो. ‘डेल्टा ई २ पेक्षा कमी’ असा दावा आणि खोक्यात त्या विशिष्ट मॉनिटरचा फॅक्टरी कॅलिब्रेशनचा कागद, असं दोन्ही असेल तर उत्तम.

आठ बिटचं पॅनेल १ कोटी ६७ लाख रंग दाखवतं, दहा बिटचं १०७ कोटी. बऱ्याच स्वस्त पॅनेलमध्ये सहा बिटांवर पिक्सेल भराभर चाळवून आठ बिटचा भास केलेला असतो, त्याने आकाशासारख्या मऊ ग्रेडियंटमध्ये पट्टे दिसू शकतात. खरं आठ बिट असलं की झालं. एचडीआर ४०० चा शिक्का (जास्त उजेडाच्या व्हिडिओसाठीचा), १४४ किंवा १८० हर्ट्झ (सेकंदाला चित्र किती वेळा नवं होतं तो आकडा) आणि एक मिलिसेकंद (पिक्सेलला रंग बदलायला लागणारा वेळ), या तिन्हींचा पोस्टर किंवा पुस्तकाशी संबंध नाही. साठ-पंचाहत्तर हर्ट्झ भरपूर झाले.

४. आकार आणि रिझोल्यूशन

आधी टेबल मोजा. २७ इंची मॉनिटर साधारण ६० सेंटिमीटर रुंद असतो आणि डोळ्यांपासून तेवढाच किंवा थोडा अधिक लांब असावा लागतो. टेबल दीड फूट खोल असेल तर २४ इंचीच घ्या, किंवा भिंतीला अथवा टेबलाला आर्म, म्हणजे मॉनिटर धरणारा हात, लावायची तयारी ठेवा. त्यासाठी मागे १०० × १०० मिलिमीटरची वेसा भोकं आहेत का ते बघा.

२४ इंचीमध्ये शक्य असेल तर १९२० × १२०० चा, म्हणजे १६:१० प्रमाणाचा घ्या. कारण साधं आहे. ए४ ची समोरासमोरची दोन पानं मूळ आकारात ४२ × २९.७ सेंटिमीटर होतात. १६:१० च्या स्क्रीनची उंची साधारण ३२ सेंटिमीटर असते, त्यात ती पानं बसून मेनूपट्टीला जागा उरते. १६:९ च्या २४ इंचीला उंची जेमतेम ३० मिळते, वर मेनू आला की पानाचा तळ कापला जातो. दिवसभर वर-खाली सरकवत बसावं लागतं ते वेगळंच.

रिझोल्यूशनचा विचार इंचामागच्या पिक्सेलमध्ये करा. २४ इंची फुल एचडी (१९२० × १०८०) म्हणजे इंचामागे ९२ पिक्सेल, २७ इंची २५६० × १४४० म्हणजे १०९, २७ इंची फोरके (३८४० × २१६०) म्हणजे १६३. आणि २७ इंचीवर फुल एचडी म्हणजे फक्त ८२. हा शेवटचा अजिबात घेऊ नका, स्वस्त मिळाला तरी नको.

देवनागरीत काम करणाऱ्याला या आकड्यांचा अर्थ रोमनवाल्यापेक्षा जास्त भोवतो. ‘मूर्तींची’ हा शब्द नऊ पॉइंटात मांडून बघा. ‘ती’च्या डोक्यावर दीर्घ वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकाच जागी दाटीवाटीने उभे असतात. नऊ पॉइंट म्हणजे इंचाचा आठवा भाग. ९२ पिक्सेलच्या स्क्रीनवर पान मूळ आकारात ठेवलं तर वेलांटीपासून उकारापर्यंत सगळ्याला मिळून बारा-एक पिक्सेल मिळतात, त्यात अनुस्वार आहे की रफारचं टोक हे कळत नाही. १६३ पिक्सेलच्या स्क्रीनवर तेवढ्याच जागेत वीस पिक्सेल येतात आणि टिंब स्वतंत्र दिसतं. मुद्रितशोधन स्क्रीनवर करणाऱ्यांना हा फरक पहिल्या दिवशी जाणवतो.

तरीही सगळ्यांनी फोरके घ्यावा असं मी म्हणणार नाही. डीटीपीची पुष्कळ कामं आजही कोरलड्रॉच्या जुन्या आवृत्त्यांवर आणि त्याहून जुन्या प्रोग्रामवर चालतात. विंडोजमध्ये फोरके स्क्रीन १५० टक्क्यांवर ठेवावी लागते, आणि जुने प्रोग्राम तिथे एकतर मुंगीएवढे दिसतात किंवा धूसर. जुन्या आवृत्तीवर रोजीरोटी असेल तर २७ इंची २५६० × १४४० हा सर्वांत सुखाचा पर्याय. मॅकवाल्यांचं उलट आहे : २०१८ च्या मोहावे आवृत्तीपासून कमी पिक्सेलच्या स्क्रीनवर मॅकची अक्षरं पूर्वीइतकी रेखीव दिसत नाहीत, त्यांना फोरके मानवतो.

दोन मॉनिटर लावायचे असतील तर दुसरा कुठलाही जुना चालेल. त्याच्यावर लेयर, रंगपट्टी, मेल ठेवा. रंगाचा निर्णय मात्र त्याच्यावर घ्यायचा नाही.

५. तुमच्या लॅपटॉपला तो झेपेल का?

फोरके घेण्याआधी लॅपटॉपचं एचडीएमआय कोणतं आहे ते शोधा. १.४ असेल तर फोरके फक्त ३० हर्ट्झवर चालतं आणि माउस अडखळत चालल्यासारखा वाटतो. साठ हर्ट्झसाठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ लागतं. यूएसबी-सी असेल तर त्या पोर्टमधून चित्र बाहेर जातं का ते कंपनीच्या पानावर वाचा, प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून जात नाही. फोन चार्जिंगची केबलही इथे बहुधा चालत नाही. मॉनिटर चालू झाला नाही तर तो परत करण्याआधी केबल बदलून बघा.

यूएसबी-सीमधून लॅपटॉपही चार्ज करणारे मॉनिटर मिळतात, ६५ ते ९० वॉटचे. एकाच केबलीवर सगळं चालतं, टेबल मोकळं राहतं. परवडत असेल तर ही सोय पैसे वसूल करते.

६. किती पैसे आणि कुठल्या नावांकडे बघायचं

सुरुवात एसआरजीबी पूर्ण दाखवणाऱ्या २४ इंची मॉनिटरपासून करा. आसुस प्रोआर्ट पीए२४८क्यूव्ही हा १६:१० चा आणि फॅक्टरीत रंग जुळवून येणारा मॉनिटर नव्या माणसाला मी पहिला सुचवतो. २७ इंचीत त्याच मालिकेतला पीए२७८क्यूव्ही आणि बेनक्यूचा पीडी२७०५क्यू हे २५६० × १४४० चे आहेत, बेनक्यूच्या या मॉनिटरला यूएसबी-सीही आहे. फोरकेमध्ये डेलचा अल्ट्राशार्प यू२७२३क्यूई आयपीएस ब्लॅक पॅनेलचा आणि ९० वॉट यूएसबी-सीचा आहे. त्यानंतर आलेली मॉडेलंही मिळतील, पण वरचे निकष लावून मगच घ्या. मालिकेचं नाव एकच असलं म्हणून आतलं पॅनेल सारखं असेलच असं नाही.

ॲडोबी आरजीबी आणि मॉनिटरच्या आतच कॅलिब्रेशन साठवण्याची सोय हवी असेल तर बेनक्यूची एसडब्ल्यू आणि आयझोची कलरएज मालिका बघावी. आयझो लाखाच्या घरात जातो. छपाईपूर्व काम पूर्णवेळ करणाऱ्यासाठी तो खर्च योग्य आहे, सुरुवात करणाऱ्याने त्यासाठी कर्ज काढू नये.

जुना मॉनिटर घेत असाल तर पांढरी स्क्रीन लावून पिवळटपणा आणि कोपऱ्यातली काळपट छाया बघा. मागचा प्रकाश वर्षांनुवर्षं मंद होत जातो आणि त्याची दुरुस्ती परवडत नाही.

७. खरेदीला जाताना सोबत काय न्यायचं

स्वतःचा लॅपटॉप आणि स्वतःची केबल. मोजपट्टीने घेतलेलं टेबलाचं माप. स्वतः केलेल्या आणि छापून आलेल्या दोन-तीन कामांच्या प्रती, त्यांच्या मूळ फाइलींसह. आणि लॅपटॉपमध्ये एका फोल्डरात एवढी चित्रं :

– पूर्ण काळा, पूर्ण पांढरा, ५० टक्के राखाडी, तसंच लाल, हिरवा, निळा असे सपाट रंग
– काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जाणारा ग्रेडियंट
– शून्य ते वीस या आरजीबी किमतींचे काळ्या पार्श्वभूमीवरचे चौकोन
– भारतीय चेहऱ्यांचा एक चांगला फोटो
– आठ-नऊ पॉइंटातला देवनागरी मजकूर असलेलं पान

मुंबईत लॅमिंग्टन रोड, बेंगळुरूत एसपी रोड, अशा बाजारात लॅपटॉप जोडून बघू देणारे दुकानदार भेटतात. नम्रपणे विचारा, मिळतं.

तपासताना सर्वांत आधी मॉनिटरच्या मेनूत जाऊन एसआरजीबी किंवा ‘स्टँडर्ड’ मोड लावा आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद करा, कारण दुकानात सगळे मॉनिटर पूर्ण उजेडावर आणि भडक मोडमध्ये असतात. मग राखाडी चित्र लावा. ते सगळीकडे सारखं राखाडी आहे का? एका बाजूला गुलाबी आणि दुसऱ्या बाजूला हिरवट झाक दिसली तर तो नग नको म्हणून सांगा, दुसरा मागा. सपाट रंगांवर मेलेले किंवा अडकलेले पिक्सेल दिसतात. ग्रेडियंटमध्ये पायऱ्या दिसू नयेत. काळे चौकोन सुरुवातीचे दोन-तीन सोडून वेगवेगळे ओळखू यावेत. मागे सरका, बाजूला व्हा, खाली वाका, आणि चेहऱ्याचा रंग बदलतो का ते बघा.

छापील प्रत स्क्रीनशेजारी धरून बघा, पण दुकानातल्या दिव्यात ती तंतोतंत जुळण्याची अपेक्षा नको. मोठी तफावत कुठे आहे तेवढंच कळतं आणि तेवढं पुरतं.

८. बिल आणि हमी

बिलावर मॉडेल आणि सिरियल नंबर दोन्ही हवेत, खोक्यावरच्या नंबराशी पडताळून घ्या. तुमची जीएसटी नोंदणी नियमित असेल तर बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक घालायला सांगा म्हणजे कराची वजावट मिळते. कंपोझिशन योजनेत असाल तर ती मिळत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या मॉनिटरवरचा करही २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे आता आकार कुठलाही असला तरी दर तोच.

हमी तीन वर्षांची आहे का, आणि दुरुस्तीला माणूस घरी येतो की मॉनिटर न्यावा लागतो, हे लेखी विचारा. किती मेलेले पिक्सेल असल्यावर कंपनी बदलून देते तेही वाचा, एखादा पिक्सेल बहुतेक कंपन्या दोष मानत नाहीत. ऑनलाइन मागवलात तर खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा आणि वरच्या सगळ्या तपासण्या त्याच दिवशी करा. परत करण्याची मुदत संपेपर्यंत खोकं आणि थर्माकोल टाकू नका. वीज वरचेवर जात असेल तर मॉनिटरही यूपीएसवर घ्या.

९. घरी आणल्यावर

खिडकीच्या समोर किंवा खिडकीला पाठ करून बसू नका, मॉनिटर खिडकीला काटकोनात लावा. मागची भिंत पोपटी किंवा गडद गुलाबी असेल तर शक्य तेव्हा पांढरी किंवा फिकट राखाडी करून घ्या. काम करताना पिवळा दिवा बंद. विंडोजचा नाइट लाइट, मॅकचा ट्रू टोन, मॉनिटरचा इको मोड, हे सगळं बंद.

एचडीएमआयने जोडला असेल आणि काळा रंग धुरकट दिसत असेल, तर ग्राफिक कार्डाच्या सेटिंगमध्ये आरजीबी रेंज ‘लिमिटेड’ आहे का बघा, ती ‘फुल’ करा. पुष्कळ जण या एका गोष्टीमुळे चांगल्या मॉनिटरला नावं ठेवतात.

मग ब्राइटनेस. नवा मॉनिटर अडीचशे-तीनशे निट्सवर (निट हे स्क्रीनच्या उजेडाचं माप) येतो, छपाईच्या कामाला शंभर ते एकशेवीस निट्स लागतात. ‘स्क्रीनवर छान दिसत होतं, छापून डार्क आलं’ ही तक्रार प्रत्येक प्रेसमध्ये रोज ऐकू येते आणि बहुतेक वेळा तिचं मूळ इथे असतं. स्क्रीन इतकी उजळ असते की आपण फोटो गडद करत जातो, आणि कागद काही स्वतः उजेड टाकत नाही. मोजायचं यंत्र नसेल तर कोरा पांढरा आर्ट पेपर स्क्रीनशेजारी नेहमीच्या उजेडात धरा, कोरं पान उघडा आणि स्क्रीन दिव्यासारखी न वाटता कागदासारखी वाटेपर्यंत ब्राइटनेस खाली आणा. पहिले दोन दिवस अंधार वाटेल, नंतर डोळे सरावतात.

आता कॅलिब्रेटर. कॅलिब्राइट आणि डेटाकलर स्पायडर ही दोन नावं बाजारात मिळतील. मॉनिटर अर्धा तास तापू द्या, यंत्र स्क्रीनवर टांगा, प्रोग्राममध्ये गॅमा (मधल्या छटा किती उजळ ते) २.२, पांढरा बिंदू (पांढरा किती पिवळट किंवा निळसर ते) डी६५, उजेड १०० ते १२० असं भरा. स्क्रीनवर एकामागून एक रंग येतात, यंत्र ते मोजतं आणि तुमच्या मॉनिटरचं आयसीसी प्रोफाइल, म्हणजे तो रंग कसे दाखवतो याची नोंद असलेली फाइल, तयार करून देतं. प्रूफ (छपाईआधीचा नमुना) डी५० च्या, म्हणजे जरा पिवळट पांढऱ्या, प्रमाणित दिव्याखाली बघत असाल तर पांढरा बिंदू डी५० कडे न्या, नाहीतर डी६५ च ठेवा. यंत्रासोबतचा प्रोग्राम आवडला नाही तर डिस्प्लेकॅल हा मोफत प्रोग्राम आहे. दुसऱ्याच्या मॉनिटरचं प्रोफाइल इंटरनेटवरून उतरवून लावू नका, एकाच मॉडेलच्या दोन नगांतही फरक असतो.

चार मित्रांनी मिळून एक यंत्र घेतलं तरी चालतं. महिन्यातून एकदाच तर लागतं.

१०. प्रेसशी जुळवणं

मॉनिटर कितीही चांगला असला तरी तो प्रकाशाने रंग दाखवतो आणि प्रेस शाईने. प्रेसला त्यांचं आयसीसी प्रोफाइल मागा. ते नसेल तर आर्ट पेपरसाठी ‘कोटेड फोग्रा ३९’ हे तयार प्रोफाइल घेऊन सुरुवात करा. फोटोशॉपमध्ये व्ह्यू मेनूतल्या प्रूफ सेटअपमध्ये ते निवडा. कंट्रोल-वाय दाबलं की छपाईत काय होईल त्याचा अंदाज स्क्रीनवर दिसतो, कंट्रोल-शिफ्ट-वाय दाबलं की छपाईच्या आवाक्याबाहेरचे रंग राखाडी होतात.

दोन रंग नव्या माणसाला हमखास अडचणीत आणतात. एक, निळा. सायन १०० आणि मॅजेंटा (गुलाबी शाई) १०० ठेवलात तर कागदावर जांभळा येतो. निळा हवा असेल तर मॅजेंटा साठ-सत्तरच्या वर नेऊ नका. दुसरा, केशरी. आपल्याकडे पताकेपासून पत्रिकेपर्यंत तो लागतोच. स्क्रीनवरचा पेटता केशरी चार रंगांच्या शाईत नाही. मॅजेंटा ५५-६० आणि पिवळा १०० हा जवळचा आहे, पण तो स्क्रीनपेक्षा शांतच येणार. क्लायंटला तो आधी छापील शेडकार्डावर दाखवा, आणि तेवढ्याने समाधान होत नसेल तर पाचवी, स्वतंत्र केशरी शाई वापरण्याचा खर्च सांगा. सोनेरी आणि चंदेरी शाईचा, फॉइलचा अंदाज कुठलाच मॉनिटर देत नाही.

प्रत्येक छापलेल्या कामाची एक प्रत बाजूला काढा. मागे कागदाचा प्रकार, जीएसएम (कागदाचं वजन), प्रेस, तारीख आणि मुख्य रंगांचे सीएमवायके (चार शाईंचे) आकडे पेन्सिलने लिहा. वर्षभरात तुमच्या स्वतःच्या कामांचं शेडकार्ड तयार होतं, आणि नवं कॅलिब्रेशन केल्यावर जुनी फाइल उघडून ती प्रत शेजारी धरली की मॉनिटर जागेवर आहे की सरकला, हे पाच मिनिटांत कळतं.